लष्करच्या वाड्यातलं पंचमातलं भूत

लष्करवाली:

ज्या घरात कुणाचाच भुतावर विश्वास नाही अशा घरात भूत आलं, तर त्याचे काय हाल होतात ते सांगायला हा धागा काढतेय. गोष्ट मोठी आहे, भागाभागाने लिहीन.

आमचा वाडा ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. दगडी भिंती, मधे चौक, छताला गर्डरवर टाकलेल्या पटिया, म्हणजे दगडी फरश्या, आणि सगळ्यात वर पत्र्याची शेड असलेली पाटोर. वरच्या मजल्यावर किरायेदार, खाली आम्ही. आजोबा गाणं शिकलेले होते. त्यांचा मिरजेहून आणलेला तंबोरा बैठकीत भिंतीवरच्या लाकडी खुंटीला टांगलेला असतो. ते गेल्यापासून तो रोज कुणी वाजवत नाही. आत्या डिसेंबरात तानसेन समारोहासाठी येते, तेव्हा गवसणी, म्हणजे कापडी खोळ काढून तो आजोबांच्याच पट्टीत, म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये लावते. जाताना गवसणी घालायला कुणाला आठवत नाही.

हा तंबोरा रात्री आपोआप वाजतो.

ग्वाल्हेरात असं काही झालं की लोकांना भूत शोधायला लांब जावं लागत नाही. ग्वाल्हेर घराण्याचे जुने गवई हस्सू खाँसाहेब 'कडक बिजली'ची तान घेताना बरगडीला इजा होऊन गेले, ही आख्यायिका इथल्या गाणाऱ्या घरांत पोरासोरांनाही ठाऊक असते. त्यामुळे गल्लीने एका रात्रीत ठरवलं की कुणी अर्धवट राहिलेला गवई आमच्या बैठकीत येऊन बसतोय. आमच्या घरात त्याचं नाव 'बुवा' पडलं.

आता घरचे. बाबा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. आईला फक्त हिशेब लागतो. आजीचं सोवळंओवळं कडक, अचलेश्वराला गेल्याशिवाय सोमवारी तोंडात पाणी घेत नाही. पण भूत म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "देव आहे ना? मग भुताला जागा कुठे उरली?"

पहिल्यांदा वरचे किरायेदार हनुमान चालीसा म्हणत मध्यरात्री खाली आले. "भाईसाब, उस्तादजी बैठे हैं." आई उठली, बैठकीच्या दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "वाजवतोय ना? वाजवू दे. भांडी फोडत नाही, लाइटचं बिल वाढवत नाही." आणि झोपायला गेली. आजीने मात्र अंथरुणातूनच आवाज दिला, "अहो, तार छेडलीत तर आता बंदिश तरी पुरी करा!"

बुवांनी ऐकलं नाही. तीच एक तार, गुंईं करून भरत जाणारी, मग विरणारी. थोड्या वेळाने पुन्हा.

बडोद्याची मावशी:

वाचतेय गं. पण तुझ्या आईचं काळीज कशाचं आहे? आमच्या दांडिया बाजारातल्या लाकडी वाड्यात नुसता जिना करकरला तरी मी ओटल्यावर येऊन बसते.

चंबळकाठ:

वाडा कुठे असेल त्याचा अंदाज आला, पण विचारत नाही. छोट्या लाइनीच्या जवळ आहे का? आमच्या लहानपणी ती गाडी गेली की कपाटातले पेले वाजायचे.

लष्करवाली:

चंबळकाठ काका, अगदी बरोबर ठिकाणी हात घातलात. आधी मांत्रिकाचं सांगते, मग गाडीचं.

गल्लीतल्या चार जणांनी वर्गणी काढून एका झाडफूकवाल्या बाबांना आणलं. माझे बाबा त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. आजी म्हणाली, "उन्हातून आलाय माणूस, पाणी तरी देऊ." पाणी झालं, चहा झाला, मग आजीने जेवायलाच बसवलं. आमरस होता. बाबाजींनी बैठकीत आसन मांडलं, डोळे मिटले आणि त्यांना जी झोप लागली ती सकाळपर्यंत. रात्री बुवा वाजले, किरायेदारांनी वरून ऐकलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं, बाबाजींच्या घोरण्यात खंड नाही. सकाळी उठून त्यांनी चौकात पाणी शिंपडलं आणि सांगितलं, "यहाँ कुछ नहीं है. बड़ी शांति है." माझ्या बाबांनी ते वाक्य त्यांच्या नावानिशी वहीत लिहून घेतलं आणि किरायेदारांना वाचून दाखवलं. "तुमच्याच माणसाचा निर्वाळा!"

ही वही बाबांनी तंबोऱ्याखाली सुतळीने बांधून ठेवली होती. वाजण्याची वेळ, किती वेळ चाललं, लाइट होती की नव्हती, खिडकी उघडी की बंद. रात्री ज्याला ऐकू येईल त्याने लिहायचं, असा नियम. आजीच्या नोंदी निराळ्याच: "पहाटे. सूर बरा. आवाजात गोडी कमी."

वहीतून बाबांना दिसलं की पहाटेच्या नोंदी जास्त आहेत. श्योपूरची गाडी सकाळी लवकर सुटायची. २ फूट रुंदीची ती लाइन, ग्वाल्हेर ते श्योपूर कलां जवळजवळ २०० किलोमीटर, शिंदे महाराजांच्या काळातली, शहरातल्या घरांना घासून जाणारी. बाबांनी निष्कर्ष काढला: जमीन हादरते, भिंत हादरते, खुंटी हादरते, तार वाजते. एकदा गाडी उशिरा सुटली आणि त्या दिवशी बुवाही उशिरा वाजले, तेव्हा तर बाबांनी पेढे आणले. किरायेदारांची समजूत निघाली ती वेगळीच. त्यांनी गल्लीत सांगितलं, "उस्तादजी रेलवे में थे."

मग २०२०चा मार्च आला. टाळेबंदीत गाडी थांबली. ती लाइन पुढे ब्रॉडगेजच्या कामाला गेली, छोटी गाडी काही परत आली नाही.

आणि बुवा वाजतच राहिले. उलट जास्त. रस्त्यावर एक टेम्पो नाही, महाराज बाड्याच्या चौकाकडून गाड्यांचा आवाज नाही, त्यामुळे भर दुपारीही ऐकू यायला लागले. सगळं ग्वाल्हेर बंद, फक्त आमचे बुवा चालू. बाबा तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

अनुभवी:

मी विश्वास ठेवणाऱ्यांपैकी आहे, आणि तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माझ्या वडिलांच्या मागे आमच्या घरात जे झालं त्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही. तुमच्या बाबांचं मात्र मला पटलं. वही ठेवली, आणि गाडी बंद झाल्यावर हट्ट धरून बसले नाहीत. पुढे काय निघालं ते वाचायला मी इथे थांबलोय. भूत निघालं तरी चालेल, नाही निघालं तरी चालेल.

रात्रपाळी:

वीज मंडळात नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून एक प्रश्न: त्या भिंतीवर तंबोऱ्याशिवाय आणखी काय ठोकलेलं आहे? भिंतीच्या मागच्या बाजूचंही सांगा.

तोवर एक खरी घटना. इंग्लंडात कॉव्हेंट्री इथे व्हिक टँडी नावाचा अभियंता एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना अंगावर काटा यायचा, कोपऱ्यात करडं काहीतरी दिसायचं. टँडी तलवारबाजी खेळायचा. एकदा तलवारीचं पातं दुरुस्तीसाठी पकडीत अडकवलं होतं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. दुसरा कुणी पळून गेला असता, याने पातं खोलीत इकडेतिकडे नेऊन कुठे जास्त थरथरतं ते पाहिलं. शोधता शोधता कळलं की नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांची लहर उभी राहत होती, कानाला न येणारी. पंख्याच्या बसवणीत बदल केला आणि करडं भूत गेलं. हे १९९८ साली छापून आलं. टँडीच्या पात्याच्या जागी तुमच्याकडे तंबोरा आहे, असा माझा संशय आहे.

तारषड्ज:

रात्रपाळी यांच्याआधी मला एक विचारायचंय. कोणती तार वाजते? चारही, की एकच?

लष्करवाली:

तारषड्ज, तुम्ही आत्याचाच प्रश्न विचारलात!

टाळेबंदी लागली तेव्हा आत्या एका लग्नासाठी आली होती, ती आमच्याकडेच अडकली. पहिल्या आठवड्यात हौसेने रोज तंबोरा लावून बसायची. तेव्हा बुवा गप्प. मग तिचा खोकला सुरू झाला, चाचणी होईपर्यंत तिला मागच्या खोलीत ठेवलं, तंबोरा पुन्हा खुंटीला. दोन-तीन दिवसांत बुवा सुरू.

किरायेदार म्हणाले, "देखा? दीदी के सामने शरम आती थी."

आत्या मागच्या खोलीतून ओरडली, "दादा, हा नुसता पंचमच का छेडतोय? जोडी कुठाय, खर्ज कुठाय? ग्वाल्हेरचा गवई असा तंबोरा धरेल का? आणि पंचमसुद्धा उतरलेला! जो माणूस मेल्यावरही गायला येतो, तो आधी तार चढवून घेईल!"

तंबोऱ्याला चार तारा: एक पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडी, आणि शेवटची जाड खर्जाची. बाबा उठले ते तडक वही आणायला. सगळ्या नोंदींत 'सूर' असा रकानाच नव्हता. इतक्या दिवसांत वेळ लिहिली, लाइट लिहिली, खिडकी लिहिली, पण काय वाजतंय ते नीट ऐकून कुणी लिहिलं नव्हतं. आजीने तेवढं लिहिलं होतं, 'गोडी कमी'. आणि तिच्या नोंदी आम्ही हसून सोडून दिल्या होत्या.

आत्याचा अहवाल चांगला आला तशी ती बैठकीत आली. रात्री सगळे बसलो. किरायेदार दारात, हातात चालीसा, पण जायला तयार नाहीत. भावाने मोबाइलवर सूर मोजायचं अॅप लावलं. बुवा सुरू झाले. आकडा आला १०० हर्ट्झ. आत्याने पंचमाची खुंटी जराशी पिळून तार चढवली. बुवा गप्प. उतरवत परत १०० वर आणली. बुवा सुरू. अजून खाली नेली. गप्प. असं तिने एका रात्रीत त्यांना इतक्या वेळा गप्प केलं आणि बोलायला लावलं, की शेवटी किरायेदारांच्या सौभाग्यवती हात जोडून म्हणाल्या, "दीदी, बस करो, थक गए होंगे."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी: आत्याने भूत खुंटीला टांगलं.

रात्रपाळी, भिंतीच्या मागे स्वयंपाकघर आहे. त्या बाजूला बरोब्बर तिथेच फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर लोखंडी पट्टीवर चार बोल्टांनी भिंतीत ठोकलेला आहे. आजोबांनीच लावला होता.

रात्रपाळी:

मिळालं! आता पूर्ण लिहितो, कारण हे नीट सांगितलं पाहिजे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा अगदी सूक्ष्म ताणतो आणि सैल होतो. म्हणून त्याची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते, चौकातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचीसुद्धा. जुन्या यंत्राच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, व्होल्टेज कमी असलं की त्याला जास्त राबावं लागतं, गुणगुण वाढते. फ्रिजचा कंप्रेसर चालू झाला की भार येतो, बंद झाला की जातो. म्हणून बुवा थोडा वेळ वाजतात, थोडा वेळ विसावा घेतात. वाजण्याआधी 'टक्' असा आवाज यायचा का? तो रिले, म्हणजे स्टॅबिलायझरमधला आपोआप चालणारा स्विच.

आणि लाइट नसताना वाजल्याची नोंद वहीत आहे का, तेवढं बघा.

तारषड्ज:

माझ्या बाजूचं मी जोडतो. काळी एक पट्टीत पुरुषांच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे नीट लावलेला असताना तो १०० च्या जरा वर, सुरक्षित. हात लागला नाही की तार सैल पडत जाते. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, सूर आणखी उतरतो, आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या पुढे जाणारा. उतरता उतरता पंचम १०० वर आला की भिंतीतली गुणगुण आणि तार यांचं जमतं. झोका देणाऱ्याने वेळ साधून नुसतं बोट लावलं तरी झोका चढत जातो, तसं तार भरत जाते. त्यात जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी झणझण, चांगली असली तर तो 'गुंईं' आवाज खोलीभर पसरतो. बाकीच्या तीन तारांचं १०० शी जमत नाही, म्हणून त्या गप्प.

सगळ्यात मोठी गोष्ट मला ही वाटते की हे कानाने सुटलं. आत्याबाईंनी भूत आहे की नाही हा वादच घातला नाही. समोरचा काय वाजवतोय ते ऐकलं आणि गवयाकडून जी अपेक्षा ठेवायची ती त्याच्याकडून ठेवली. माझ्या गुरुजींनी वर्षभर नुसता तंबोरा ऐकायला लावला होता, तेव्हा मला राग यायचा.

अनुभवी:

पटलं. मनापासून पटलं. आमच्या घरी त्या दिवसांत वही ठेवली असती तर, असं वाटून गेलं.

त्यावेळी हिवाळा होता, आई आजारी म्हणून खोलीत शेगडी असायची. सगळ्यांना छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, डोकं दुखायचं, दारात माणूस उभा असल्याचा भास व्हायचा. उन्हाळ्यात आपोआप थांबलं. आम्ही समजलो वडिलांचं वर्षश्राद्ध झालं म्हणून थांबलं.

रात्रपाळी:

अनुभवी, तुमच्यासाठी थांबून लिहितोय, आणि हे सगळ्यांनीच वाचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, जडपणा, भास, आणि जास्त झालं तर झोपेतच माणूस जातो. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने नेत्रविकारांच्या मासिकात अशाच एका 'झपाटलेल्या' घराची हकिगत छापली होती. पावलांचे आवाज, दिसणाऱ्या आकृत्या, मरगळलेली मुलं. तिथे भट्टी बिघडलेली निघाली. वडिलांच्या आठवणीला मी हात लावत नाही. पण आज कुणाच्या घरी शेगडी पेटत असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपताना शेगडी खोलीबाहेर काढा. आमच्या चंबळ-माळव्याच्या थंडीत दरवर्षी या कारणाने माणसं जातात.

अनुभवी:

लिहिलंत ते बरं केलंत. धाकट्या भावाकडे अजून शेगडी आहे. आत्ता फोन करतो.

बडोद्याची मावशी:

मी वाचता वाचता उठून आमच्या स्टॅबिलायझरला हात लावून आले. गुणगुणतोय. भिंतीवर मात्र फक्त सासऱ्यांचा फोटो आहे.

लष्करवाली, पुढे काय झालं? बुवा गेले का?

लष्करवाली:

वही पाहिली. लाइट नसताना एकही नोंद नाही. बाबांनी त्या रकान्याखाली लाल पेनाने रेघ मारली, आणि जिथे 'गाडी' असं कारण लिहिलं होतं तिथे प्रत्येक ठिकाणी काट मारून बाजूला 'स्टॅबिलायझर' लिहिलं. आजी म्हणाली, "माझं 'गोडी कमी' खोडू नकोस."

बिजलीवाल्याने स्टॅबिलायझर भिंतीवरून काढून लाकडी स्टुलावर, खाली रबराचा तुकडा घालून ठेवला. आत्याने चारही तारा उतरवून गवसणी घातली. बुवा बंद. आई खूश, कारण बिजलीवाल्याच्या लक्षात आलं की ते यंत्र वीजही जास्त खात होतं. "म्हणजे बिल वाढवत होताच की!" हे एवढं तिने बुवांना माफ केलेलं नाही.

खरी पंचाईत वर झाली. किरायेदारांना आम्ही 'तुम्हाला त्रास होतो' म्हणून गेली काही वर्षं किराया वाढवून मागितला नव्हता. भूत गेलं तसे ते अस्वस्थ झाले. आठवड्याभरात खाली आले. "भाईसाब, उस्तादजी गए नहीं हैं. पाटोर पे चले गए हैं." म्हणे संध्याकाळ झाली की पत्र्यावर कुणी चालतं. टक्, टक्, मग एक मोठा ठण्.

बाबा वही घेऊन वर गेले. आवाज खरा आहे, मीही ऐकला. सूर्य बुडाल्यावर तासाभरात जास्त, नंतर कमी. रात्रपाळी, यावर काय म्हणाल? हे मला सोडवून हवं आहे, कारण बाबा आणि किरायेदार दोघेही आता रोज संध्याकाळी पाटोरवर खुर्च्या टाकून बसतात, आणि चहा मला वर न्यावा लागतो.

चंबळकाठ:

हे मी सांगतो, यात विजेचं काही नाही. पत्रा दिवसभर तापून फुगतो, संध्याकाळी आकसतो. खिळ्यांनी जखडलेला असतो म्हणून अडत अडत सरकतो, ते 'टक्'. एखादा खिळा सैल असेल तिथे एकदम सुटतो, तो 'ठण्'. पटिया आणि गर्डरचंही थोडं असंच. पण एकदा बॅटरी घेऊन मांजर किंवा उदमांजर नाही ना तेही बघा, लष्करात छपरांवरून दोन्ही फिरतात. आणि पत्र्याला वरून पांढरा चुना मारा. तापणं कमी, आकसणं कमी, आवाज कमी. खोलीही थंड राहील.

रात्रपाळी:

काकांशी शंभर टक्के सहमत. चुन्यात थोडा डिंक घाला, पहिल्या पावसापर्यंत टिकेल.

लष्करवाली:

चुना मारला. उदमांजर नव्हतं. ठण् पूर्ण थांबला, टक् कधीतरी. बाबांनी दोन्ही आठवड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी लिहून किरायेदारांना दाखवल्या. त्यांनी अगदी बारकाईने वाचल्या आणि म्हणाले, "मान गए भाईसाब. पर गर्मी भर तो थे ना? तो किराया अगले साल से बढ़ाइए."

आईने हिशेबाची वही काढली, थोडा विचार केला आणि मान्य केलं. बाबांनी करारनाम्याच्या कागदावर तसं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. कारणाच्या जागी काय लिहायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून ती ओळ सध्या कोरी आहे.